मीटर वाचा, कुलूप लावा आणि कर्नाळ्याला जा

येत्या शनिवारी सकाळी फिरायला निघाल तेव्हा दाराला कुलूप लावलं की दोन मिनिटं विजेच्या मीटरपाशी थांबा. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर, कुठेही राहत असा, सोसायटीचे सगळे मीटर जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात ओळीने लावलेले असतात. आपला मीटर कोणता ते बिलावरच्या क्रमांकावरून आधी ताडून घ्या, नाहीतर शेजाऱ्यांच्या घराचा हिशेब मांडत बसाल.

घरात कोणी नाही. पंखे बंद, दिवे बंद, टीव्ही रिमोटने बंद. तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत बहुधा ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला दिसेल. एक युनिट वीज खर्च झाली की दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. मीटर ३२०० चा असेल तर एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंत किती सेकंद गेले ते मोबाइलवर मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. घर त्या क्षणी किती वॉट ओढतंय ते कळेल. मीटर १६०० चा असेल तर २२५० ला भागायचं. समजा ३२०० च्या मीटरवर सव्वाअकरा सेकंद आले, म्हणजे १०० वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसरात्र महिनाभर हे चालू राहिलं की ७२ युनिट होतात. कुलूपबंद घराचे!

यात फ्रिज आहेच, आणि तो बंद करा असं कोणी सांगणार नाही. त्याचा कॉम्प्रेसर सुरू असताना आकडा मोठा येतो, थांबला की खाली येतो. म्हणून जाताना एकदा आणि परतल्यावर दार उघडण्याआधी एकदा, असं दोनदा मोजा. फ्रिज वजा जाता जे उरतं ते शोधायचं. बहुतेक घरांत तीच तीच मंडळी सापडतात. गिझरचं बटण कोणीतरी चालूच ठेवलेलं असतं. आतलं पाणी निवतं, थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवतो, आणि आंघोळीला कोणी नसतानाही दिवसाला अर्धा-एक युनिट जातो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बरेच बॉक्स जवळपास पहिल्याइतकीच वीज घेत राहतात. आणि लोडशेडिंगच्या वर्षांत घेतलेला, आता कोणाच्या लक्षातही नसलेला इन्व्हर्टर. त्याची बॅटरी म्हातारी झाली की ती पुरती भरत नाही आणि चार्जिंग थांबत नाही.

फोनच्या चार्जरचं मात्र फार मनावर घेऊ नका. प्लगमध्ये नुसताच राहिलेला चांगला चार्जर वर्षभरात एखाद-दोन युनिटही खात नाही. मुलांना चार्जरवरून रागवायचं आणि आपण बेडरूममध्ये एसी १८ वर लावून पांघरूण ओढून झोपायचं, ही काटकसर नव्हे. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. त्याच एका युनिटवर ७५ वॉटचा साधा पंखा तेरा तास चालतो, आणि नव्या बीएलडीसी मोटरचा, तीस वॉटच्या आसपासचा पंखा तर तेहतीस तास. जुना पंखा जळाला की दुरुस्तीच्या दुकानात वाइंडिंगसाठी नेण्याआधी हा हिशेब आठवा. जळायची वाट बघायचीही गरज नाही. हॉलमधला पंखा, जो सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री बाराला बंद होतो, तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

बिलाबद्दल एक गैरसमज फार जणांचा आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. ३०१ वा युनिट झाला की सगळेच युनिट महाग होतात असं लोक समजतात. तसं नाही, वरच्या टप्प्यातले तेवढेच महाग. पण याचाच अर्थ असा की महिन्याच्या वापरात शेवटचे जे पन्नास-साठ युनिट असतात ते सर्वांत महाग असतात, आणि वाचवायला गेलं तर तेच आधी वाचतात. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन, १६ टक्के वीज शुल्क हे सगळं चढतं ते निराळंच. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर महावितरणने सवलत जाहीर केलेली आहे. तुमच्याकडे तो मीटर असेल तर वॉशिंग मशीन आणि इस्त्री रात्री दहाला कशासाठी लावता? दुपारी लावा.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं मी नेमकं होळी ते पाडव्याच्या दिवसांत सांगतोय, कारण आपल्या उन्हाळ्याच्या सवयी याच तीन-चार आठवड्यांत पक्क्या होतात. मार्चमध्ये पनवेलला एखादा दिवस असा येतो की पूर्वेकडून कोरडं वारं सुटतं, खाडीकडचा वारा दुपारी उशिरापर्यंत येत नाही आणि पारा एकदम अडतीसच्या पुढे जातो. त्या दिवशी एसी पहिल्यांदा लागतो. दुसऱ्या दिवशी वारं पुन्हा पश्चिमेचं होतं, रात्र गार असते, पण रिमोट हातात आलेला असतो. मग जून उजाडेपर्यंत तो काही सुटत नाही.

शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर यायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय गार खोलीत बसून होत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात चालून, झाडाखाली बसून, हळूहळू होते. म्हणून मार्चमधले शनिवार-रविवार बाहेर काढणं ही चैन आहे असं मला वाटत नाही. ज्याने हे दोन-तीन रविवार रानात घालवले त्याला एप्रिलमध्ये रात्री पंखा पुरायची शक्यता जास्त. घरात आजी-आजोबा असतील, कोणाला रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, कोणी गरोदर असेल, तान्हं बाळ असेल, तर हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. त्यांना एसी लागत असेल तर जरूर लावा. २६ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद फिरू द्या. एक अंश वर सरकवला की एसीची वीज सहा टक्क्यांच्या आसपास वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताच २४ वर येतात ते त्याचसाठी.

बाहेर जायचं म्हटलं की पनवेलकराची गाडी कळंबोलीहून आपोआप एक्स्प्रेसवेला लागते. लोणावळा जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, सुट्टीच्या दिवशी बोरघाटात रांगत, गाडीतला एसी चालू; सात लिटर पेट्रोल सहज जातं. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांएवढी ऊर्जा असते. म्हणजे एका चिक्कीच्या पुड्यासाठी साठेक युनिट! हॉलमधला पंखा बदलून तुम्ही महिन्याला वीस-पंचवीस युनिट वाचवता. दोन-अडीच महिन्यांची ती कमाई एका रविवारी घाटात धूर होऊन जाते. आणि पेट्रोल लिटरला शंभरीपार आहे, त्याचा हिशेब मी करून देत नाही.

त्यापेक्षा एसटी स्टँडवर जा. पेणकडे जाणारी साधी गाडी पकडा, कंडक्टरला आधीच सांगा, कर्नाळा अभयारण्याला उतरायचंय. बारा किलोमीटर. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. पळस्पे फाटा मागे पडला की शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडके यांचं गाव. १८४५ साली ते इथे जन्मले, आणि त्यांचे आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. मुलं बरोबर असतील तर परत येताना तिथे उतरा. त्यांचा वाडा बघून होतो.

कर्नाळ्याचं अभयारण्य १९६८ चं आहे. मोठं नाही; वाढवल्यानंतरही जेमतेम बारा चौरस किलोमीटर. पण महामार्गावरून आत दोनशे पावलं गेलं की हॉर्नचा आवाज पातळ होतो आणि दुसरे आवाज कानावर यायला लागतात. तांबटाचं ठोके दिल्यासारखं टुक-टुक-टुक, ते तर पनवेलच्या पिंपळावरही ऐकू येतं. इथे त्याच्या जोडीला कुटुर्ग्याची लांबलचक कुट्रूक, कुट्रूक, आणि कोतवालांचा गोंगाट. शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पानं अडकवल्यासारखा दिसणारा कोतवाल, ज्याला भृंगराज म्हणतात, तो दिसला तर थांबा. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. पाच मिनिटांत चार पक्षी ऐकू आले आणि झाडावर एकच दिसला, तर समजा हाच.

मार्चचं रान बघायचं ते दोन कारणांसाठी. एक काटेसावर. पान एकही नाही आणि फांदीफांदीवर मुठीएवढी लाल फुलं. सकाळी आठच्या सुमाराला त्या झाडाखाली उभं राहिलं तर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, खारी, माकडं अशी सगळ्यांची पंगत बघायला मिळते. दुसरा कुसुंब. याची नवी पालवी हिरवी येतच नाही, तांबडीलाल येते, आणि उतारावर लांबून पाहिलं तर झाड फुललंय असंच वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की ती फुलं नाहीत, पानं आहेत; बोटात धरली तर ओलसर मऊ लागतात. पंधरा दिवसांत ती हिरवी होऊन जातात, मग ओळखू येत नाहीत. पाडव्यानंतर जाऊ म्हणाल तर चुकेल.

सातच्या आत पोचा, अकराच्या आत खाली उतरा. किल्ल्यावर जायचं असेल तर माणशी दोन लिटर पाणी घ्या. वाटेत पाण्याचा भरवसा धरू नका. आणि अंगठ्यासारखा जो सुळका लांबूनही दिसतो, त्याच्या कड्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, तिथे ओरडू नका, स्पीकर लावू नका, धूर करू नका. मधमाश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड झाकून आलो त्या वाटेने लांब निघायचं. सिगारेट तर सबंध अभयारण्यात नको. या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वणवा लागायला एक थोटूक पुरतं. पोपटीचा मोसम संपला आहे, रानात मडकं लावायची हौस पुढच्या थंडीपर्यंत राखून ठेवा.

किल्ला झेपणार नसेल तर नुसत्या पायवाटेने भटकून या. उतरल्यावर थोडं पुढे तारा गाव आहे, तिथे युसुफ मेहेरअली सेंटर. भारत छोडोच्या वर्षी, १९४२ साली, मुंबईचे महापौर असलेल्या मेहेरअलींच्या नावाने डॉ. जी. जी. पारिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं. घाण्याचं तेल, साबण, मातीची भांडी तिथे मिळतात. रस्त्याच्या कडेला या दिवसांत अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, कलिंगडं आणि ताडगोळे आलेले असतात. घरून तांदळाची भाकरी आणि ताक नेलं असेल तर दुपारचं जेवण त्यातच भागतं. गार पेयाच्या बाटलीची आठवण होत नाही.

कलावंतीणचं विचारणारे पुष्कळ असतात. ठाकूरवाडीपर्यंत एसटी जाते, तिथून प्रबळमाची आणि मग तो उभा जिना. मी म्हणेन, लहान मुलं घेऊन आणि मार्चच्या उन्हात नको. दगड तापतो, पायऱ्या उघड्यावर आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी वर जाणारे नि खाली येणारे एकाच वेळी त्या पायऱ्यांवर असतात. जायचंच असेल तर माचीपर्यंत जा आणि परत या. आणि ज्यांना गावातून बाहेरच पडणं शक्य नाही त्यांच्यासाठी संध्याकाळचा वडाळे तलाव आहे. तासभर तिथे बसलात तरी घरातला टीव्ही, दिवे, एसी तासभर बंद राहतात, तेही काही कमी नाही.

संध्याकाळी घरी आलात की घर भट्टी झालेलं असतं, हे खरं. आपल्या इमारतींना पश्चिमेच्या मोठमोठ्या सरकत्या काचा आहेत. दुपारी दोनपासून ऊन आत येतं आणि भिंती, फरशी, गादी, सगळं तापवतं. म्हणून जातानाच पश्चिमेचे पडदे ओढून जा. त्याहून बरं म्हणजे काचेच्या बाहेर, ग्रिलवर, बांबूची चिक किंवा शेडनेट बांधा. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा लावून अर्धंच काम होतं, बाहेर अडवलं तर पुरं. घरी येताच समोरासमोरच्या खिडक्या पंधरा-वीस मिनिटं सताड उघडा. सरकत्या खिडकीची अर्धीच बाजू उघडते, पण दोन बाजूंनी उघडली तर वारा खेळतो.

खिडक्या का उघडत नाही विचारलं तर पनवेलमध्ये खरं उत्तर उकाड्याचं नसतं, डासांचं असतं. बांधकामांची धूळ असते, काही रात्री कारखान्यांकडून येणारा वास असतो. वासावर घरात बसून उपाय नाही, त्यासाठी तक्रारच करावी लागते, आणि ती एकट्याने न करता सोसायटीच्या लेटरहेडवर करावी. पण डासांवर उपाय आहे: खिडकीला चुंबकाची किंवा वेल्क्रोची जाळी. एका खिडकीचा खर्च काहीशे रुपयांत बसतो. एसीच्या एका सर्व्हिसिंगएवढा. ज्या घरात जाळ्या लागल्या त्या घरात रात्री एसी लागायला एप्रिल उजाडतो, हे मी आजूबाजूला पाहत आलो आहे.

गिझर तर या महिन्यापासून पावसाळ्यापर्यंत विसरला तरी चालेल. सकाळी अकरानंतर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून कोमटच येतं. पहाटे आंघोळ करणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी बादली भरून ठेवावी.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, पनवेलकराला हे ठाऊक असायला हवं. आपल्याकडे येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा पाताळगंगेतून उचलला जातो. आणि पाताळगंगा भर उन्हाळ्यात वाहते ती बऱ्याच अंशी खोपोलीमुळे. टाटांचं तिथलं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या माथ्यावर वळवण, शिरवता इथे साठवलेलं पावसाचं पाणी नळांतून घाटाखाली सोडतात, ते जनित्रं फिरवतं आणि मग नदीत येतं. मुंबईला वीज देऊन झालेलं पाणी आपण पितो. पण आपल्या नळापर्यंत ते फुकट येत नाही. नदीतून उचलायला, शुद्ध करायला, पुढे ढकलायला पंप, मग सोसायटीच्या खालच्या टाकीतून गच्चीवर न्यायला आणखी एक पंप. हजार लिटर पाणी दहा मजले चढवायला पाव युनिटाच्या आसपास लागतो. आकडा लहान आहे, मान्य. पण गच्चीवरची टाकी रोज अर्धा तास वाहत असेल तर वीज आणि पाणी दोन्ही गटारात, आणि मे महिन्यात पनवेलला पाणी देणारं देहरंग धरण तळाला गेलं की त्याच सोसायटीत टँकर मागवायची पावती फाडली जाते.

म्हणून शेवटचं काम सोसायटीचं. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो. त्याआधी सेक्रेटरींकडे सामायिक मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं मागा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, पार्किंग हे सगळं त्यात असतं, आणि ते तुमच्याच मेंटेनन्समधून जातं. दिवसाढवळ्या जळणारे जिन्यातले दिवे कोण बंद करणार, पंपाला फ्लोट स्विच का नाही, पार्किंगच्या ट्यूबलाइट अजून चोकवाल्या कशा, एवढे तीन प्रश्न विचारा. ते सुटले की मग गच्चीवरच्या सोलरचं बोला. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात. पण आधी चोकवाल्या ट्यूबलाइट काढा. त्यांच्यासाठी पॅनेल वाढवून बसवणं म्हणजे दोनदा पैसे मोजणं, आणि हे मीटिंगमध्ये कोणीतरी उठून बोलावं लागतं.